नाव रॉकबिली, हाती पॉलिएस्टर

तर झालं असं, की लेकीच्या शाळेत पन्नासचं दशक साजरं करायचं ठरलं. 1950 चं दशक हो, वयाची पन्नाशी नव्हे, ती साजरी करायचा मान तिच्या आईचा :) अमेरिकेतल्या शाळांना हे असले दिवस साजरे करायची भारी हौस. मुलांनी केस चोपडून, टी-शर्टच्या बाह्या दुमडून जायचं आणि मुलींनी घेरदार फ्रॉक घालून. आम्ही राहतो नॅशव्हिलपासून अर्ध्या तासावर. म्हणजे ज्या टेनेसी राज्यात हे सगळं संगीत वाढलं, तिथेच. तेव्हा लेकीचा हट्ट, की साधंसुधं काही नको, 'रॉकबिली' ड्रेसच पाहिजे.

गेलो दुकानात. एका भिंतीवर मोठ्ठी पाटी: रॉकबिली. पाटीखाली काळ्यावर पांढरे ठिपके, पांढऱ्यावर लाल चेरी, कमरेला आवळ आणि खाली छत्रीसारखे फुगलेले फ्रॉक ओळीने टांगलेले. फुगवायला लागणारा जाळीचा परकर वेगळा विकत घ्यायचा. सोबत डोक्याला बांधायचा लाल रुमाल, तोही वेगळा. मी आपली सवयीने कापड चिमटीत धरून पाहिलं. पॉलिएस्टर आणि इलास्टेन! इलास्टेनचा शोधच मुळी 1958 मधला, म्हणजे रॉकबिलीचा पहिला बहर ओसरत आला तेव्हाचा. दोन्ही बाजूंना खिशाच्या पट्ट्या होत्या. हात घालायला गेले, तर आत खिसाच नाही. नुसती पट्टी शिवलेली.

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

पॉलिएस्टरचं मी एक वेळ सोडून देईन. पण त्या पाटीवरचं नाव काही डोक्यातून जाईना. कारण त्या भिंतीवर जे टांगलं होतं त्यातलं जवळजवळ काहीच रॉकबिली नव्हतं. उलट, रॉकबिली गाणाऱ्या पोरी ज्या साच्यातून बाहेर पडायला धडपडत होत्या, तो साचाच त्यांच्या नावाने विकायला ठेवला होता. ही नुसती चूक असती तर मी गप्प बसले असते. पण ह्या चुकीत काही बायका पुसल्या जातात. म्हणून हा प्रपंच.

आधी 'रॉकबिली' म्हणजे काय ते बघू. रॉक अधिक हिलबिली. हिलबिली ही शिवी होती. डोंगराकडचा अडाणी गावंढळ, असा अर्थ. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या पोरांनी काळ्या लोकांचं र्‍हिदम अँड ब्लूज आणि आपलं गावठी कंट्री एकत्र घुसळलं, त्यातून हे संगीत निघालं. जुलै 1954 मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीने आर्थर क्रूडप ह्या काळ्या गायकाचं गाणं आपल्या पद्धतीने म्हटलं, तिथून साधारण चार-पाच वर्षांचा हा बहर. गाणारे कोण? ट्रक चालवणारे, कापूस वेचणाऱ्या घरातले. त्यांच्या आयाबहिणी पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांचे कपडे शिवत. कल्पना करा, बायका पोती कपड्यांसाठी वापरतात हे कळल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली होती! दुकानातल्या त्या फ्रॉकमध्ये ह्या पोत्याचा एक धागा तरी सापडतो का?

आता त्या भिंतीवरच्या एकेका वस्तूची वंशावळ काढू.

घेरदार झगा आणि आवळ कंबर. ही आली पॅरिसहून. 12 फेब्रुवारी 1947 ला क्रिस्तियाँ दिओरने जो 'न्यू लुक' दाखवला, त्याची ही नात. युद्धाच्या काळात अमेरिकेत कापडाच्या वापरावर सरकारी बंधनं होती, 1942 पासून स्कर्टचा घेर किती असावा ह्याचेही नियम होते. बायका कारखान्यात जात होत्या, आखूड आणि सुटसुटीत कपडे घालत होत्या. युद्ध संपलं आणि दिओरने त्यांना पुन्हा वारभर कापडात गुंडाळलं. गंमत म्हणजे ह्याच अमेरिकेत बायकांनी त्याला कडाडून विरोध केला. टेक्ससमधल्या डॅलसमध्ये 1947 साली ह्या लांब झग्यांच्या विरोधात 'लिटल बिलो द नी क्लब' निघाला. गुडघ्याच्या किंचित खाली, त्याहून लांब नाही म्हणजे नाही! दिओर त्या वर्षी शिकागोला आला तेव्हा बायका फलक घेऊन उभ्या होत्या. म्हणजे आज जो झगा बंडाचा म्हणून विकला जातो, तो आला तेव्हा बंड त्याच्या विरुद्ध होतं.

डोक्याचा लाल रुमाल. हा कारखान्यातला. यंत्रात केस अडकून जीव जाऊ नये म्हणून बांधायचा. दंड दाखवणारी, ठिपक्यांचा रुमाल बांधलेली ती बाई तुम्ही हजारदा पाहिली असेल. जे. हॉवर्ड मिलरने 1943 साली वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढलेलं ते चित्र. ते तेव्हा जेमतेम दोन आठवडे कंपनीच्या भिंतींवर होतं, कामगारांना जोमाने काम करा सांगायला. 1980 च्या दशकात ते पुन्हा सापडलं आणि मग मगापासून मोबाईलच्या कव्हरपर्यंत सगळीकडे गेलं. रॉकबिलीशी त्याचा संबंध शून्य. केसांच्या त्या गोल वळकट्याही युद्धकाळातल्याच, म्हणजे रॉकबिलीच्या दहा वर्षं आधीच्या.

कपाळावरची सरळ कापलेली काळी झालर. ही बेटी पेजची. बेटी आमच्या नॅशव्हिलचीच, जन्म 1923. न्यूयॉर्कमध्ये जेरी टिब्स नावाच्या एका काळ्या पोलिसाने, ज्याला फोटोग्राफीचा नाद होता, तिला सुचवलं की तुझं कपाळ मोठं दिसतं, पुढे केस काप. बेटीने कापले, आणि आज जगभरात हजारो बायका ती झालर मिरवतात. बेटी फोटोंसाठीचे कपडे पुष्कळदा स्वतः शिवायची. 1957 च्या सुमारास ती ह्या धंद्यातून बाहेर पडली, मग आजारपण आणि अज्ञातवास. इकडे 1980 च्या दशकात तिच्या चेहऱ्यावर लोक धंदा करू लागले आणि तिला त्याचा कित्येक वर्षं पत्ताही नव्हता. 2008 साली ती गेली.

म्हणजे बघा, पॅरिसचा झगा, कारखान्याचा रुमाल आणि मॉडेलची झालर. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या, तीन वेगवेगळ्या काळांतल्या वस्तू. ह्यात गाणारी बाई कुठे आहे?

ती होती ना. चांगली ठसठशीत होती.

वांडा जॅक्सन. जन्म 1937, ओक्लाहोमातलं मॉड हे छोटं गाव. तिची आई नेली कपडे शिवायची. त्या काळी कंट्री गाणाऱ्या बाईने काउबॉय बूट, जाडजूड स्कर्ट आणि गळाबंद शर्ट घालायचा असा दंडक. वांडाला ते नको होतं. मग आईने तिला अंगासरशी बसणारे, खाली रेशमी झिरमिळ्यांची झालर असलेले ड्रेस शिवून दिले. झिरमिळ्या कशाला? तर नुसतं जरा हललं तरी त्या थरथरतात, नाचतात. फुगलेल्या परकराच्या नेमकं उलटं तंत्र! परकर अंग झाकतो, झिरमिळ्या अंगाची प्रत्येक हालचाल दाखवून देतात. 1950 च्या दशकाच्या मध्यावर ती नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ओप्रीमध्ये गायला आली. आईने खास शिवलेला, खांदे उघडे असलेला ड्रेस. रंगमंचावर जायच्या काही क्षण आधी अर्नेस्ट टब ह्या बड्या गायकाने सांगितलं, उघड्या खांद्यांनी इथे जाता येणार नाही. पोरीने डोळे पुसत वरून जाकीट चढवलं आणि गायली. नंतर कित्येक वर्षं तिने त्या मंचाचं नाव काढलं नाही. ते रायमन सभागृह अजून तिथेच आहे. मी तिथल्या बाकावर बसून आले आहे. त्या बाकावर बसलं की कळतं, एक उघडा खांदा केवढं मोठं प्रकरण होतं.

दुसरी जॅनिस मार्टिन, व्हर्जिनियाची. 1956 साली, सोळा वर्षांचीही नसताना, आरसीए कंपनीने तिला 'फिमेल एल्विस' म्हणून बाजारात उतरवलं. तिनं आधीच गुपचूप लग्न केलेलं होतं. पुढे दिवस गेले आणि कंपनीने तिला सोडून दिलं. खऱ्या एल्विसला बाप झाल्यावर कुणी घरी बसवलं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

तिसरी रोझ मॅडॉक्स, ह्या दोघींच्याही आधीची. अलाबामातलं कुळाने शेती करणारं कुटुंब 1933 साली मालगाड्यांत बसून कॅलिफोर्नियाला गेलं, मळ्यांत फळं तोडत राहिलं, आणि मग गाऊ लागलं. पैसे आल्यावर त्यांनी नेथन टर्क ह्या शिंप्याकडून असे काही भरतकाम केलेले कपडे शिवून घेतले, की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. फळं तोडणाऱ्यांनी डोळे दिपवायचे! रॉकबिलीचा पेहराव म्हणजे हे. गरिबाने केलेला झगमगाट. आईच्या हातच्या शिवणीतला हट्ट.

आणि अजून एक पायरी मागे जाऊ, कारण घोडं खरं तिथेच पेंड खातं.

सिस्टर रोझेटा थार्प. काळी, चर्चमध्ये गाणारी, हातात इलेक्ट्रिक गिटार. 1944 सालचं तिचं ध्वनिमुद्रण ऐका आणि सांगा, एल्विसच्या दहा वर्षं आधी हे काय चाललं होतं! 1964 साली तिने मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर, पावसात, चांगला लांब कोट घालून गिटार वाजवली. तो व्हिडिओ मिळतो, जरूर बघा. बिग मामा थॉर्नटन. 'हाउंड डॉग' हे गाणं तिने 1952 मध्ये गायलं, एल्विसने 1956 मध्ये. तिला त्याचे एकूण पाचशे डॉलर मिळाले असं ती सांगायची. आणि ती घालायची काय? पुरुषी शर्ट, पँट, बूट. सरळ. कुणाची परवानगी न घेता. गंमत बघा, एल्विसचे ते गुलाबी-काळे कपडे मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरच्या लॅन्स्की बंधूंच्या दुकानातले, जिथे काळे संगीतकार कपडे घ्यायचे. म्हणजे पुरुषांच्या पेहरावाचा उगम तरी लोकांना ठाऊक आहे. बायकांच्या पाटीखाली मात्र ना झिरमिळ्या, ना शर्ट-पँट. फक्त चेरी.

लेक ट्रायल रूममध्ये गेली आणि मी बाहेर उभी राहिले, तेव्हा हे सगळं डोक्यात घोळत होतं. आणि मग एकदम लक्षात आलं. आम्ही 'ते सुंदर दिवस' साजरे करायला ज्या काळाचा फ्रॉक घालून बघत होतो, त्या काळात दक्षिणेतल्या कित्येक दुकानांत काळ्या बाईला कपडा घालून बघायला मनाई होती. टोपीसुद्धा डोक्यावर चढवायची नाही. एकदा अंगाला लागला की तो कपडा गोऱ्या बाईला कसा विकायचा? पैसे घ्यायचे, पण अंगाला लावू द्यायचं नाही.

आणि आपण? 1946 च्या कायद्याने भारतातून वर्षाला किती जणांना अमेरिकेत स्थायिक होता येत होतं, सांगा. शंभर! अख्ख्या देशातून शंभर. हे 1965 पर्यंत चाललं. म्हणजे 1956 साली टेनेसीतल्या ह्या दुकानात माझी गव्हाळ रंगाची लेक आत गेली असती, तर तिला कुठल्या दारातून आत घेतलं असतं हा प्रश्नच आहे. ती मात्र आतून ओरडत होती, "आई, चेन लावून दे ना!"

आता तुम्ही म्हणाल, बाई, एका फ्रॉकवरून केवढं पुराण लावलंस! लेकही तेच म्हणाली. "आई, तू सुतावरून स्वर्ग गाठतेस. मला फक्त चांगलं दिसायचंय."

हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण गेली कित्येक वर्षं असे कपडे घालते. शरीराने चांगली भरलेली आहे. ती म्हणते, आजच्या फॅशनने मला कायम सांगितलं की आधी बारीक हो, मग ये. ह्या फ्रॉकने पहिल्यांदा सांगितलं की आहेस तशी ये. हे ऐकल्यावर माझी बोलती बंद झाली. शिवाय ह्या मंडळींमध्ये एक घोषवाक्य आहे, त्याचा अर्थ असा की पेहराव जुना, मूल्यं नवी. आम्हाला त्या काळातला वर्णभेद नको, नवऱ्याची हुकमत नको, फक्त कपडे हवेत. नियत चांगली आहे, शंका नाही. दरवर्षी लास वेगासला ह्यांचा मोठा मेळा भरतो, 1998 पासून. तिथे कित्येक बायका स्वतः शिवलेले, जुन्या पॅटर्नवरून कापलेले कपडे घालून येतात. त्यांच्या मेहनतीपुढे माझा नमस्कारच.

पण मला एवढंच विचारायचंय. मूल्यं नवी म्हणता, मग निवडलं काय? त्या दशकात निवडायला थोडं का होतं? लंडनच्या टेडी गर्ल्स बघा. युद्धाच्या पडझडीत वाढलेल्या, कारखान्यांत-दुकानांत काम करणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी. मखमली कॉलरचे पुरुषी कोट, दुमडलेल्या जीन्स, सपाट बूट. केन रसेलने 1955 मध्ये त्यांचे फोटो काढले, आणि ते पुढे पन्नासेक वर्षं धूळ खात पडले. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या पाचुका बघा. 1940 च्या दशकात गुडघ्याएवढे स्कर्ट, लांब पुरुषी कोट आणि कपाळावर उंच उभारलेले केस, आणि त्यासाठी वर्तमानपत्रांच्या शिव्या खाल्लेल्या. 1943 मध्ये त्याच शहरात गोऱ्या नौसैनिकांनी असे सैल सूट घालणाऱ्या पोरांना रस्त्यात गाठून कपडे फाडून मारलं. कपड्यासाठी मार खाणं म्हणजे काय ते त्या वस्तीला विचारा. आज लॉस एंजेलिसच्या रॉकबिली कार्यक्रमांना मेक्सिकन वंशाची मंडळी एवढ्या संख्येने येतात, ते उगाच नाही. आणि अमेरिकेतच क्लेअर मॅककार्डेलने 1942 मध्ये साधा गुंडाळून बांधायचा डेनिमचा ड्रेस काढला होता. किंमत सात डॉलरच्या आत, आणि त्याला खिसा. खराखुरा, हात जाणारा खिसा!

एवढं सगळं समोर असताना बाजाराने उचललं ते काय? जाहिरातीतल्या गृहिणीचा झगा. तो उचलला, त्यावर चेरी छापली, आणि बंडखोरीची पाटी लावली. बंडखोरीची किंमत मिळते आणि कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. वांडाच्या झिरमिळ्या आजही कुणाला तरी खुपतील, बिग मामाची पँट आजही कुणाला तरी प्रश्न विचारेल. चेरी कुणाला काही विचारत नाही. म्हणून ती खपते.

माझी तक्रार घालणाऱ्या बायकांवर नाही. फ्रॉक आवडतो ना, खुशाल घाला. घेर घेऊन गिरकी मारण्यातलं सुख मलाही कळतं, परकर-पोलक्यात लहानपण गेलंय माझं. माझी तक्रार पाटीवर आहे. त्याला 'पन्नासच्या दशकातला फ्रॉक' म्हणा. 'दिओरची नक्कल' म्हणा. पण 'रॉकबिली' म्हणायचं असेल, तर त्या नावामागच्या बायकांचं थोडं देणं लागतं. गाणी त्यांची, नाव त्यांच्या कष्टाचं, आणि कपडा भलत्याचाच, असं नको. आणि 'ते सुंदर दिवस' म्हणताना कुणाचे सुंदर, हेही एकदा विचारा.

मग आम्ही काय केलं? फ्रॉक घेतला. हो, घेतला. सोळा वर्षांच्या मुलीपुढे इतिहासाचं चालत नाही. रात्री शिवणाचा डबा काढून मी ती खोटी पट्टी उसवली आणि आत माझ्या जुन्या सुती ओढणीच्या तुकड्याचे दोन खिसे शिवले. लेक शेजारी बसून फोनवर वांडा जॅक्सन ऐकत होती. दोन गाणी झाल्यावर म्हणाली, "आई, ही तर ओरडते! भारी आहे. हिचे फोटो दाखव."

दाखवले. झिरमिळ्या बघून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग हा ड्रेस दुकानात का नाही मिळत?"

तोच तर माझा प्रश्न आहे.